डांगाणातलं एकच पाणी

मे महिन्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाचं पाणी खाली उतरलं की कडेच्या भेगाळलेल्या गाळातून दगडांच्या रांगा वर येतात. मी सहा-सात वर्षांची असताना बाबांनी मला तिथं उभं करून सांगितलं होतं, "हे बांध आहेत. इथं भात व्हायचा." पाण्याखाली शेतं आहेत ही गोष्ट मला तेव्हा परीकथेसारखी वाटली. पुढं कितीतरी दिवस मी आईला विचारत होते, की मग पाण्याखालच्या भाताची आवणी कोण करतं. त्या गोष्टीतलं दुःख कळायला बरीच वर्षं जावी लागली.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. १९८६ च्या जूनमध्ये त्यांची बदली धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीवर झाली आणि आम्ही राजूरला भाड्याची खोली घेतली. सोमवारी पहाटेच्या एसटीनं ते जात, शनिवारी दुपारी परतत. राजूर हे अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडचं बाजाराचं गाव. त्याच्या पलीकडच्या डोंगराळ मुलखाला सगळे डांगाण म्हणतात. बाजाराच्या दिवशी डांगाणातली माणसं हिरडा, मध, करवंदं, रानभाज्या घेऊन उतरत आणि मीठ-मिरची, गूळ, सुकट-बोंबील बांधून संध्याकाळच्या मुक्कामी गाडीनं परत जात. त्याच वर्षी या सगळ्या डोंगरांचं मिळून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. आमच्या घरात मात्र बोलणं असायचं ते एवढंच, की ओढ्याला पाणी किती आहे आणि बाबा शनिवारी ओढा ओलांडू शकतील का.

आता मी नाशिकला असते. जून लागला की फोन सुरू होतात. "शनिवार-रविवार भंडारदऱ्याला चाललोय, काय काय बघू?" मी वर्षानुवर्षं यादी सांगत आले. अंब्रेला धबधबा, रंधा, घाटघरचा कोकणकडा, सांदण दरी, रतनवाडीचं देऊळ, रतनगड, कळसूबाई. यादीत चूक काही नाही. धरणाजवळच्या शेंडी गावाहून निघून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत असा जलाशयाला वळसा घालून परत शेंडीला यायला गाडीला एक दिवस पुरतो. लोक जातात, भिजतात, फोटो पाठवतात. पण ते फोटो बघताना मला दर वेळी काहीतरी हरवल्यासारखं होतं. एक धबधबा इथं, एक कडा तिथं, एक देऊळ आणखी कुठं, जणू त्यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. हल्ली मी यादी सांगत नाही. मी सांगते, पाण्याच्या मागं जा. इथली जवळजवळ सगळी ठिकाणं एकाच पाण्यानं घडवलेली आहेत. ते पाणी कुठं पडतं, कुठं अडतं, कुठं निघून जातं, हे पाहत गेलात तर डांगाण कळेल.

हे पाणी येण्याची वर्दी काजवे देतात. वळवाची पहिली सर पडून गेली की मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, खरा पाऊस लागेपर्यंत, मुरशेत-पांजरे-उडदावण्याच्या बाजूच्या झाडांवर ते येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर. आठ वाजेपर्यंत नुसता अंधार असतो. मग एखादा ठिपका चमकून जातो. मग दहा. आणि मग केव्हातरी, तुमचं लक्ष नसताना, आख्खं झाड एकदम पेटतं आणि एकदम विझतं. पुन्हा पेटतं. शेजारचं झाड त्याला साथ देतं, त्याच्या पलीकडचं त्याला, आणि उजेडाची एक लाट ओढ्याच्या कडेकडेनं चढत जाते. आवाज काही नसतो. एवढी मोठी गोष्ट चालली आहे आणि तिला आवाज नाही, याची पहिल्यांदा पाहणाऱ्याला थोडी भीतीच वाटते. मला वाटली होती. मी बाबांचा हात घट्ट धरला होता.

ते पेटणं-विझणं म्हणजे बोलणं आहे. नर चमकून हाक घालतो, मादी मंद उजेडानं ओ देते. त्या उजेडाला ऊब नसते. काजव्याच्या पोटात एका द्रव्याचा दुसऱ्याच्या मदतीनं प्राणवायूशी संयोग होऊन तो निर्माण होतो आणि त्यातली फारच थोडी शक्ती उष्णतेत वाया जाते. या काही दिवसांसाठी काजव्याची अळी कितीतरी महिने ओल्या पालापाचोळ्यात गोगलगायी खात वाढलेली असते. पंख फुटल्यावर हाती उरतात ते मोजके दिवस. तेवढ्यात हाक घालायची, ओ ऐकायची, अंडी घालायची. म्हणून त्या झाडांखाली गाडीचा दिवा लावणं म्हणजे दोघांच्या बोलण्यात जाऊन ओरडण्यासारखं आहे. मादीची ओ आधीच मंद, ती त्या झगझगाटात बुडून जाते.

काही वर्षांपूर्वी मी उडदावण्याजवळ उभी असताना एक गाडी दिवे लावून थेट झाडाखाली आली. सगळं झाड विझलं. गाडीतल्या माणसांना काय झालं ते कळलंही नसेल. उजेडात काजवे दिसत नाहीत एवढंच त्यांना कळलं असावं. गावातले एक दादा आमच्यासोबत होते. ते काही न बोलता पुढं गेले, खांद्यावरची घोंगडी काढली आणि गाडीच्या दिव्यांवर पसरून तिथंच उभे राहिले. "जरा थांबा," एवढंच म्हणाले. गाडीवाल्यांनी दिवे बंद केले. पाच-सात मिनिटं गेली. मग अगदी वरच्या फांदीवर एक ठिपका चमकला. त्या अंधारात गाडीतली एक बाई रडत होती, आणि ती का रडते आहे हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

मग पाऊस येतो. त्याच्याबद्दल लिहिताना माझा हात थोडा आखडतो, कारण डांगाणातला पाऊस सांगून पटत नाही. आमच्या नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, पूर्वेकडच्या तालुक्यांत वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक समाधान मानतात. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघरला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकणातून सरळ सह्याद्रीच्या कड्यावर येऊन आदळतात, वर चढतात, गार होतात आणि जे काही आणलेलं असतं ते कड्याच्या माथ्यावरच टाकून देतात. घाटघरच्या कड्यावर उभं राहिलं की समोर काहीच दिसत नाही, पांढरं धुकं फक्त, आणि खालून वर येणारा वारा इतका जोराचा की पाऊस तोंडावर खालून लागतो. लोक म्हणतात, "काही दिसलंच नाही." मी म्हणते, तुम्ही ढग आपटताना पाहिलात, आणखी काय पाहायचं होतं?

या पावसात जगायला शरीरही तसंच लागतं. डांगी गाय नीट पाहा. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबूस ठिपके, चाल संथ, खूर दगडासारखे कठीण. तिच्या कातडीतून तेलासारखा स्राव पाझरतो, त्यामुळं दिवसचे दिवस पावसात उभी राहूनही तिचं अंग भिजत नाही, पाणी निथळून जातं. दुसरी जनावरं जिथं खुरं कुजून बसकण मारतात, तिथं डांगी बैल गुडघाभर चिखलात नांगर ओढतो. राजूरला हिवाळ्यात या डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. लहानपणी आम्ही मुलं तिथं जाऊन बैलांच्या पाठीवर हात फिरवायचो आणि खरंच तेलकट लागतं का हे एकमेकांना विचारायचो. ज्यांना या मुलखातलं एकच काही बघायचं असेल त्यांना मी कधीकधी धबधबा सोडून हे प्रदर्शन सुचवते. त्या जनावराच्या कातडीत इथला सगळा पाऊस लिहिलेला आहे.

जुलैत आवणी सुरू होते. आधी उन्हाळ्यात राब, म्हणजे पालापाचोळा घालून रोपांसाठी राखलेला जमिनीचा तुकडा, भाजून ठेवलेला, त्यावर टाकलेलं बी आता वीतभर वाढलेलं. ते उपटून चिखलातल्या खाचरांत लावायचं. बायका ओळीनं वाकलेल्या, पाठीवर पूर्वी इरलं असायचं, आता मेणकापडाची खोळ. काळभात, आंबेमोहोर असे जुने वाण अजून काही घरांनी टिकवलेत. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणी जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, तेव्हा राजूरच्या एसटी स्टँडवर लोक एकमेकांना आपल्या घरची बातमी सांगावी तशी सांगत होते. आवणीच्या दिवसांत फिरायला आलात तर बांधावर उतरू नका, एवढीच विनंती. ओला बांध माणसाच्या वजनानं खचतो, खाचरातलं पाणी निघून जातं, आणि तो पुन्हा घालायला कुणाचा तरी आख्खा दिवस जातो.

एवढं सगळं पाणी शेवटी येऊन थांबतं ते धरणाला. प्रवरा इथं अडवलेली आहे. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरण खुलं झालं, म्हणून नाव विल्सन डॅम. ८२ मीटर उंचीची दगडी भिंत. त्या काळी देशात एवढं उंच धरण म्हणजे नवल होतं. साठा सुमारे ११ टीएमसी. भिंतीच्या पायथ्याच्या बागेत उभं राहून वर पाहिलं की मान दुखते, आणि एकेक दगड हातानं घडवलेला आहे हे लक्षात आलं की पोटात काहीतरी हलतं. धरणातून पाणी सोडलं की ते एका गोल खडकावरून चहूबाजूंनी घरंगळतं आणि छत्री उघडल्यासारखं दिसतं. हाच तो अंब्रेला धबधबा. तो डोंगरावरून आपसूक येत नाही. पाणी सोडलं तरच छत्री उघडते. तिथून खाली गेलेली प्रवरा रंध्याला एका खोल घळीत उडी घेते. रंध्याच्या कठड्याशी उभं राहिलं की पायाखालची जमीन थरथरते. तिथं घोरपडा देवीचं देऊळ आहे. राजूरच्या बायका तिथं जाऊन आधी देवीला नमस्कार करतात आणि मग पाण्याकडं पाहतात. तो क्रम मला आवडतो.

आणि मग ते पाणी निघून जातं. या जाण्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण रंध्यापाशी गाडी वळवून माणसं घरी जातात. पाण्याचं खरं काम तिथून पुढं सुरू होतं. अकोले, संगमनेर, मग राहाता, श्रीरामपूर, राहुरी. दुष्काळानं गांजलेल्या त्या पट्ट्यात भंडारदऱ्याचे कालवे गेले आणि उसाचे मळे उभे राहिले. लोणीजवळच्या माळावर १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याच्या उसाच्या मुळाशी हेच पाणी. पुढं प्रवरा नेवाशाजवळून जाते, जिथं शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतेवर निरूपण केलं. आणि प्रवरासंगमला ती गोदावरीत मिळते. घाटघरच्या कड्यावर तुमच्या तोंडावर आलेला थेंब घळईतून या बाजूला ओघळला तर तो बंगालच्या उपसागराला जायचा. हातभर पलीकडं पडला असता तर कोकणातून अरबी समुद्राला. आमच्या नदीला अमृतवाहिनी म्हणतात. खालच्या अंगाला ती खरोखर अमृतवाहिनी झाली, याचा मला आनंद आहे. पण ज्यांचे बांध जलाशयाच्या तळाशी गेले, त्यांच्या वाड्यांवर एप्रिल उजाडला की बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. खाली जलाशय चमकत असतो. बाबांच्या शाळेतल्या मुली मार्चनंतर शाळेत कमी यायच्या. बाबा हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं गैरहजर लिहायला टाळाटाळ करत. "ती पाण्याला गेलीय," ते म्हणत, "हे गैरहजर कसं?"

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बाबांना फार प्रिय होतं. शिलाहारांच्या काळातलं, झंझ राजाच्या नावाशी जोडलेलं हे देऊळ हजार वर्षांहून जुनं मानलं जातं. एवढ्या पावसात एवढं कोरीव काम हजार वर्षं टिकून आहे. शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या उतरंडी रचत नेलेल्या, भिंतींवर वेली, माणसं, यक्ष. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. पुजारी पाण्यातच हात घालून बेल वाहतात. गावात शिरताना आधी लागते ती पुष्करणी. चौकोनी, दगडी पायऱ्यांची, आणि चारी बाजूंच्या भिंतीतल्या देवळ्यांमध्ये मूर्ती, बहुतेक विष्णूच्या. ऑक्टोबरच्या सकाळी पाणी स्थिर असतं तेव्हा प्रत्येक देव खाली पाण्यात उलटा दिसतो.

माझं एक म्हणणं आहे, ते कुणाला पटो न पटो. रतनवाडीला देऊळ आधी पाहू नये. आधी पुष्करणीच्या पायरीवर अर्धा तास बसावं. ज्या माणसांनी ही बांधली त्यांच्याकडं पाऊस एवढा होता, नदी दारात होती, तरीही त्यांनी डोंगराचं पाणी अडवायला घडीव दगडाचं कुंड बांधलं आणि त्याच्या भिंतींत देव बसवले. पाणी जाणार आहे, उन्हाळा येणार आहे, हे त्यांना माहीत होतं.

देवळामागून रतनगडाची वाट निघते ती प्रवरेच्या काठाकाठानं. इथं प्रवरा म्हणजे उडी मारून ओलांडावा एवढा ओढा. रानातून चढताना ती वाटेला पुन्हा पुन्हा आडवी येते आणि प्रत्येक वेळी आणखी लहान झालेली असते. जिच्यामुळं खाली साखर कारखाने उभे राहिले, तिला इथं पायाच्या बोटांनी ओलांडायचं. मग कारवीचं रान, मग शिड्या, दरवाजा, आणि वर १२९७ मीटरवर वाऱ्यानं आणि पाण्यानं खडकाला पाडलेलं आरपार भोक, नेढं. त्यात बसलं की अंगावरचे कपडे फडफडतात. सप्टेंबरात गडाचा माथा सोनकीनं पिवळा होतो. तेव्हा जा. पण सोनकीत लोळून फोटो काढू नका. ती रोपं बी धरण्याच्या आधीच चुरडली जातात.

सांदण मात्र पावसाळ्यात अजिबात नाही. साम्रदच्या माळावरून चालत जाताना पुढं काही असेल असं वाटत नाही, आणि एकाएकी जमीन चिरलेली दिसते. दोनशे फुटांहून उंच भिंती, मध्ये काही ठिकाणी जेमतेम दोन-चार माणसांना पुरेल एवढी वाट, तळाला कुठून कुठून गडगडत आलेले दगड. पावसात हे सगळं प्रवाहाचं असतं, माणसाला तिथं जागा नाही. हिवाळ्यात उतरावं. सुरुवातीलाच कमरेएवढं गार पाणी लागतं, सूर्य तिथं क्वचितच पोचतो. दुपारी ऊन डोक्यावर आलं की भिंतीवरून उजेडाची एक पट्टी खाली सरकते, काही मिनिटं तळाच्या दगडांवर टेकते आणि निघून जाते. ती पट्टी येईपर्यंत थांबणारे लोक मी फार थोडे पाहिले. पुढं ही घळ कोकणात उतरते, समोर आजोबाचा डोंगर. हे पाणी पश्चिमेचं. इकडं घाटघरला माणसानं एक विलक्षण गोष्ट केली आहे. वीज जास्त लागते तेव्हा वरच्या जलाशयातलं पाणी बोगद्यातून खाली शहापूरच्या बाजूच्या जलाशयात सोडायचं आणि वीज करायची. मागणी कमी झाली की तेच पाणी पंपानं परत घाटावर आणायचं. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८ च्या सुमारास सुरू झाला. डोंगराच्या पोटात पाणी असं खाली-वर करत असतं आणि वर कड्यावर उभ्या असलेल्या कुणाला त्याची चाहूलही लागत नाही.

कळसूबाई मी आईबरोबर चढले, नवरात्रात. १६४६ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच माथा, हे शाळेत पाठ केलं होतं. बारी गावातून अंधारात निघालो तेव्हा पुढं-मागं शेकडो बायका होत्या, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात घट. कुणीही उंचीबद्दल बोलत नव्हतं. त्या बायका माहेरवाशिणीला भेटायला निघाल्या होत्या. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली, मी केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही अशी अट घालून. घरच्यांनी एकदा अट मोडून तिला ते काम लावलं आणि ती उठून डोंगरावर निघून गेली, परत आली नाही. महादेव कोळ्यांची ही कुलदेवता. माझ्या पुढं चढणाऱ्या एका आजींनी ही गोष्ट मला सांगितली आणि शिडीला हात घालता घालता म्हणाल्या, "तिला डोंगर मिळाला बाय. आपण फक्त भेटायला यायचं." त्या लोखंडी शिडीवर त्यांचे अनवाणी पाय माझ्या डोळ्यांसमोर होते. माथ्यावरचं देऊळ इतकं लहान की आत दोन-तीनच माणसं मावतात. सूर्य उगवला तेव्हा पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग, दक्षिणेला रतनगड, आणि त्यांच्या मधोमध सगळा जलाशय एका नजरेत दिसत होता. आईनं बराच वेळ वाडी शोधली. सापडली तेव्हा म्हणाली, "तुझे बाबा एवढ्याशा ठिकाणी राहायचे."

हरिश्चंद्रगडाचं वेगळं लिहायला हवं, इथं एवढंच सांगते की पाचनईहून जा आणि केदारेश्वराच्या गुहेत उतरा. चार खांबांतला एकच शाबूत, मध्ये मोठी पिंड आणि तिच्याभोवती कमरेएवढं बर्फासारखं पाणी. सगळ्या डोंगरानं पावसाळाभर प्यायलेलं तिथं साठलेलं असतं.

मागच्या मे महिन्यात भाचीला घेऊन गेले. ती अकरा वर्षांची आहे, आदल्या जुलैत तिनं अंब्रेलाखाली मनसोक्त उड्या मारलेल्या. मे महिन्यात तिथं नुसता काळा खडक होता, तिनं त्याच्याभोवती फेरी मारली आणि गप्प झाली. रतनवाडीच्या बाजूला गाळातल्या दगडांच्या रांगा दाखवून मी तिला सांगितलं, हे बांध आहेत. मग बाबांच्या वाडीवर गेलो. शाळा आता पक्की बांधलेली आहे. वाडीच्या खाली ओढ्याच्या पात्रात एक झिरा आहे, हातभर खोल, पाझरून भरतो. तिथं एक आजी हंडा घेऊन बसल्या होत्या. पाणी वाटीएवढं जमलं की वाटीनं उचलायचं, हंड्यात ओतायचं, पुन्हा थांबायचं. मी मास्तरांची मुलगी म्हटल्यावर त्यांनी मला डोळे बारीक करून पाहिलं. "मी त्यांच्याच शाळेत होते," त्या म्हणाल्या. आजी म्हणून मी ज्यांच्याकडं पाहत होते त्या माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील.

भाचीनं त्यांच्या हातातली वाटी मागून घेतली. त्यांनी दिली, आणि तळ ढवळू नकोस, वरचंवर घे, असं सांगितलं. ती उकिडवी बसून वाट्या मोजायला लागली. आम्ही दोघी जांभळीच्या सावलीत बाबांबद्दल बोलत राहिलो. हंडा भरला तेव्हा सावली ओढ्याच्या पलीकडं गेली होती. "७६," भाची म्हणाली. बाईंनी भरलेल्या हंड्यातून पहिला पेला बुडवला आणि तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला, माझ्याकडं पाहिलं, आणि अर्धा पिऊन उरलेलं पाणी परत हंड्यात ओतायला निघाली. "उष्टं झालं गं," बाई हसल्या, "आता सगळं पी." तिनं एकेक घोट घेत सगळं प्यायलं, आणि पेल्याच्या तळाशी राहिलेला थेंब जिभेवर पडेपर्यंत मान वर करून उभी राहिली.